फार हुशार नको, कच्चंही नको

"एक मूल पाठवा, बाई. फार हुशार नको, अगदी कच्चंही नको."

आमचे धर्मगुरू, रब्बी, वाचनाच्या मेजावरून मान वर न करता एवढंच म्हणाले.

काय झालंय ते सगळ्या सभागृहाला कळलं. आमच्या यहुदी शाळेत सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेत तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचतात. छापील पुस्तकातून नाही, चामड्याच्या पानांवर हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून. त्यात एक अक्षर जरी चुकलेलं निघालं तरी ती गुंडाळी तिथल्या तिथे मिटायची आणि दुसरी काढायची. आणि चुकलंय की नाही यावर मोठ्यांचंच एकमत होईना, तर लहान मुलाला बोलवायचं. हुशार मूल मागचापुढचा शब्द बघून अंदाज बांधतं. कच्च्याला अक्षरंच येत नाहीत. मधलं मूल दिसतं ते सांगतं, आणि ते सांगेल ते शेवटचं. मग रब्बी असोत नाहीतर विश्वस्त, पहिलीतल्या पोरापुढे कुणाची मात्रा चालत नाही. मला ही रीत फार आवडायची. आपल्यावर येत नाही तोवर सगळ्याच रीती आवडतात म्हणा.

पहिलीचा वर्ग माझा. आणि ते अक्षर माझ्या सासऱ्यांनी लिहिलेलं.

ते शाळेचे लेखनिक. जिन्याखालच्या खोलीत बोरू, दौत आणि भिंग घेऊन बसतात. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेल्या गुंडाळ्या दुरुस्त करण्यात घालवला. कुठे शाई उडाली, कुठे शिवण उसवली, कुठे उंदराने कोपरा खाल्ला. स्वतःची अख्खी तोरा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, लिहायची कधी वेळच आली नाही. शाळेला नवी गुंडाळी हवी असं यंदा ठरलं, तेव्हा म्हातारा असा काही तरारला, की माझ्या नवऱ्याने विचारलं, बाबांनी केस कापलेत का.

पण एक विश्वस्त आडवे आले. बोलण्याआधी दर वेळी खाकरतात म्हणून पोरं त्यांना खाकरे म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही म्हणतो. खाकरेंचं म्हणणं, लेखनिकांचा हात कापतो, काम दुसऱ्या गावच्या तरण्या माणसाला द्या. मला एवढा राग आला होता त्या दिवशी! रब्बी सासऱ्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी मधला मार्ग काढला. जुन्या गुंडाळीतलं एक पान गळक्या छपरामुळे खराब झालं होतं. ते लेखनिकांनी नव्याने लिहायचं, गुंडाळीत शिवायचं, आणि वाचनाच्या ओघात ते पान आलं की बघायचं. वाचन बिनबोभाट पार पडलं तर नवी तोरा त्यांची. अडलं, तर दुसऱ्या गावच्या माणसाची. नव्या गुंडाळीची कोरी चामडी तोवर जिन्याखालच्या खोलीतच ठेवली. सासरे त्यांच्यावरून रोज हात फिरवायचे.

ते पान आज आलं होतं. रब्बी सुरेख वाचत होते, ओळ दाखवायची चांदीची काडी, दर्शिका, पानावरून सरकत होती, मी आमच्या पोरांच्या रांगेला डोळ्यांनी दटावत उभी होते. अर्धं पान झालं आणि दर्शिका थांबली. रब्बींनी खाली वाकून बघितलं. बाजूला उभ्या असलेल्या खाकरेंनी बघितलं. बराच वेळ दोघांची कुजबुज चालली होती. सासरे मागच्या भिंतीपाशी उभे होते. ते पुढे आले नाहीत, त्यांनी फक्त टोपी नीट केली.

आमच्या हिब्रू लिपीत वाव आणि योद अशी दोन अक्षरं आहेत, आणि त्या जागी वाव हवा होता. दोन्ही एका जातीची, डोकं आणि पाय. वावाचा पाय ओळीपर्यंत उतरतो, योदाचा वरच्या वर अडकलेला असतो. हात थकला की वावाचा पाय आखूड पडतो. हे मला माहीत होतं, कारण गेले कित्येक महिने रोज संध्याकाळी मी तेच बघत होते. सासरे दिवसभराचा सराव घरी आणायचे, जेवणाच्या मेजावर दिव्याखाली पसरायचे आणि विचारायचे, नीट आलंय ना? नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, पण बापाच्या अक्षराकडे बघून म्हणायचा, छापल्यासारखं आहे. मीही म्हणायचे. आमची मुलगी तर टाळ्या पिटायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. रब्बींनीही ते पान तपासून शिवायला दिलं होतंच की. गुरूच्या अक्षरावर बोट ठेवायला छाती लागते.

तर, मूल पाठवायचं होतं.

"मी जाते!" पहिला हात वर आला तो आमच्या शेपटीचा. शेपूट म्हणजे माझी मुलगी. आजोबा जिकडे जातील तिकडे मागे मागे. माझ्याच वर्गात आहे, त्याला इलाज नाही. तिने बोलायला शिकायच्या आधी आजोबांचं अक्षर ओळखलेलं. त्यांचा वाव मुंगीएवढा आला असता तरी तिने वावच म्हटलं असतं. ते काही वाचणं नव्हे. मी डोळे वटारले, हात खाली आला.

मग माझी नजर होयबावर गेली.

होयबा दुसऱ्या बाकावरचं पोर. अक्षरं येतात, पण स्वतःवर काडीचा भरवसा नाही. प्रश्न विचारला की फळ्याकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघतो. भुवया उचलल्या की उत्तर बदलतो, हसले की तेच धरून ठेवतो. वर्षभर त्याची ही खोड मोडायला मी जीव काढला होता. आज ती खोड मला सोन्यासारखी वाटली. फार हुशार नाही, कच्चाही नाही. नियमात चपखल बसतो. मी त्याच्यासोबत मेजापर्यंत गेले असते, समोर उभी राहिले असते, बस्स. खाकरेंच्या बापालाही कळलं नसतं.

मी त्याचा हात धरला. आम्ही रांगेतून बाहेर पडलो, मधल्या वाटेने चालू लागलो. सगळे माना वळवून बघत होते.  अर्ध्या वाटेवर त्याने मला खाली ओढलं आणि कानाशी तोंड आणून विचारलं.

"बाई, काय म्हणू?"

लाज वाटली हो मला. त्या पोराच्या बोलण्यात भाबडेपणाशिवाय काही नव्हतं. त्याला वाटलं, हेही पाठांतरच आहे, बाई सांगतील ते म्हणायचं. अजून चार पावलांनी मी त्याला आयुष्यभरासाठी शिकवून ठेवलं असतं, की हो, असंच असतं.

मी म्हटलं, काही नको म्हणूस, राजा, जाऊन बस. तो सुटलो म्हणून पळतच जागेवर गेला. मी वळून पाहिलं, आणि खारूताईला बोटाने खुणावलं.

खारूताई आमच्याकडे नवीनच आलेली. गालात काहीतरी साठवल्यासारखी गप्प बसते, आणि बोलते तेव्हा दिसेल ते बोलते. पहिल्याच आठवड्यात तिने भर प्रार्थनेत मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, की तुमच्या कोटाची गुंडी खालच्या काजात गेलीय. मुख्याध्यापक म्हणजे हेच रब्बी. मी तिला मेजापाशी आणलं. मनात म्हणत होते, पोरी, आज तरी चूक कर.

तिला स्टुलावर उभं केलं. रब्बींनी दोन कोऱ्या कागदांनी आजूबाजूचे शब्द झाकले, मधलं तेवढं एक अक्षर उघडं ठेवलं. मी मेजापासून लांब झाले आणि पाठ फिरवून उभी राहिले. तिने माझ्याकडे बघू नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझ्याच्याने बघवत नव्हतं.

पाठ फिरवल्यावर समोर सासरेच आले. मागच्या भिंतीपाशी, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून. कापू नयेत म्हणून ते असेच धरतात.

रब्बींनी हळू आवाजात विचारलं, हे कोणतं अक्षर, बाळ?

तिने वाकून अक्षर बघितलं. कुणीतरी बाक सरकवला, कुणीतरी त्याला गप्प केलं.

"योद."

सभागृहात एक सुस्कारा फिरला. खाकरे खाकरले, पण बोलले नाहीत, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. रब्बींनी मात्र झाकलेले कागद उचलले. ते म्हणाले, एकाच मुलावर थांबायला हवं असं नाही, तिघांना विचारून बहुमत घेतलेलंही चालतं. बाई, आणखी दोघांना आणता का? ते माझ्याकडे असे बघत होते, की काय हवंय ते मला कळलं. शेपटीचा हात पुन्हा वर होता. होयबाही माझ्याकडेच बघत होता. दोन मतं हातची होती.

"पुरे," मागून सासरे म्हणाले. "पोरीला विचारलं, पोरीने सांगितलं. मिटा ती."

रब्बींनी गुंडाळी मिटली. तिचा पट्टा वेष्टनावरून बाहेर बांधला, म्हणजे हिच्यात दोष आहे हे बघणाऱ्याला कळावं. दुसरी गुंडाळी काढली आणि जिथे अडलं होतं तिथून वाचन पुढे सुरू झालं. सासरे शेवटपर्यंत थांबले, आमेन म्हणाले, आणि जिन्याखाली गेले.

मधल्या सुट्टीत व्हायचं तेच झालं. शेपटीने खारूताईला नळापाशी गाठलं आणि ढकललं. तुझ्यामुळे माझ्या आजोबांची तोरा गेली, म्हणे. खारूताईचा गुडघा फुटला, तरी ती रडली नाही. आपली असली म्हणून काय झालं, मी शेपटीला धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरलं, मग दोघींना बखोटीला धरून जिन्याखालच्या खोलीत घेऊन गेले. माफी माग, म्हटलं, सगळ्यांसमोर.

पण आधी बोलली ती खारूताईच.

"आजोबा, मी पुन्हा सांगू का? मी वाव म्हणते."

सासरे कोरी चामडी दोरीने बांधत होते. दोरीची गाठ बसत नव्हती. त्यांनी ती सोडून दिली, खुर्ची पुढे ओढली आणि खारूताईच्या गुडघ्यावर आपला स्वच्छ रुमाल बांधला. ती गाठही धड बसली नाही, तिनेच ती आवळून घेतली.

"नको म्हणूस," ते म्हणाले. "घरात वर्षभर सगळे मला वावच सांगतायत."

माझ्याकडे न बघता म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता, आणि त्यामुळेच ते मला जास्त लागलं. मग शेपटीला जवळ घेऊन सांगितलं, हिने माझी तोरा घालवली नाही, चुकीची तोरा लिहिण्यापासून मला वाचवलंय. शेपटीला ते पटलं असं मला वाटत नाही. पण तिने आपल्या खिशातली गोळी काढून खारूताईला दिली, अर्धी चोखलेली. खारूताईने ती नीट बघितली आणि म्हणाली, ही खाल्लेली आहे. दोघी बाहेर गेल्या.

मी दोरी हातात घेतली आणि चामडी बांधून दिली. त्यांनी सांगितलं, खाकरेंना निरोप दे, दुसऱ्या गावच्या माणसाला लवकर पाठवा म्हणावं, चामडी उन्हाळ्यात ताणतात. मला रडू फुटलं. मी म्हटलं, बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवू, औषधं असतात, एका अक्षरावरून कुणी असं सगळं सोडतं का, तो पाय तर रब्बी कुणाकडूनही एका फटक्यात लांब करून घेतील. मी बोलतच सुटले. माझी ही सवयच आहे, खरं तेवढं सोडून सगळं बोलते.

त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "मधल्या वाटेवर तुझ्या हातात आधी दुसराच हात होता. मला दिसलं. सोडलास, बरं केलंस."

मी दोरीचं उरलेलं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

त्यांनी चामड्याचं एक वाया गेलेलं कातरण पुढ्यात घेतलं. बोरू शाईत बुडवला, कडेला निथळला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि एक अक्षर काढायला घेतलं. डोकं सुंदर आलं, काळंभोर, चौकोनी, साऱ्या शाळेत तसं कुणाला येत नाही. मग पाय खाली उतरायला लागला. मी बोरूच्या टोकाकडे बघत होते. मनात म्हणत होते, अजून थोडा, बाबा, अजून थोडा. टोक थरथरलं, आणि त्यांनी हात उचलला.

ते कातरण त्यांनी माझ्याकडे वळवलं. आजूबाजूला झाकायला काही नव्हतंच.

"हे कोणतं अक्षर, बाळ?" त्यांनी विचारलं.

मला बाळ ते कधीच म्हणत नाहीत. मी कातरणाकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा कातरणाकडे. ते वाट बघत होते.

"योद," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, बोरूचं टोक फडक्याने पुसलं आणि दौतीला झाकण लावलं.