पाणी कुठं मुरलं

मे महिन्यातल्या त्या रविवारी, शर्यतीच्या चौथ्या फेरीत, सरळ पट्टा संपता संपता उलबोसिनने ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली जाऊन टेकलं. लोण्यात पाय घातल्यासारखं. गाडी वळण सोडून खडीत घुसली, डावा मडगार्ड टायरांच्या भिंतीवर खरवडला, तेव्हा कुठं थांबली. तिला खरचटलंसुद्धा नाही. अर्ध्या तासाने गाडी गार झाली आणि पेडल पुन्हा दगडासारखं घट्ट. हेच तिला जास्त खुपलं. मोडलेली वस्तू निदान मोडलेली दिसते. हे तर दगा देऊन साळसूद बसलं होतं.

ट्रॅकचं एक सोडा. त्याच गाडीतून, त्याच पेडलच्या भरवशावर, ती रोज नऊ वर्षांच्या लेकीला, तोगझानला, शाळेत सोडायची. घर डोंगरात, मेदेउच्या स्केटिंग रिंकच्याही वर, शाळा खाली शहरात. सगळा उतार. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही.

तीन आठवडे तिने पोरीला बसने पाठवलं. गाडीतलं ब्रेक ऑइल सगळं काढलं. शिळ्या चहाच्या रंगाचं निघालं. ते लोणच्याच्या बरणीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी घेऊन ती गाड्यांच्या बाजारात बेकझातच्या टपरीवर जाऊन उभी राहिली.

"नकली माल विकतोस," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"या ताते, बसा, चहा घ्या," बेकझात म्हणाला. "शिव्या चहाबरोबर बऱ्या लागतात."

"एप्रिलमध्ये तुझ्याकडून डबा नेला होता. पेडल खाली गेलं. याच गाडीतून पोरीला शाळेत सोडते मी."

"अख्खं शहर माझ्याकडून नेतं. बाकीचे सगळे मेले का?"

ती ऐकणाऱ्यातली नव्हती. बापाला चौथी मुलगी झाली तेव्हा त्याने वैतागून हिचं नाव ठेवलं उलबोसिन, म्हणजे 'मुलगा होवो'. नावातच ज्याला नकार मिळाला तो माणूस दुसऱ्याच्या तोंडी शब्दावर कशाला विश्वास ठेवील? तिने पिशवीतून तळणीचा थर्मामीटर काढला.

बेकझात हसला, पण मुकाट उठला. टपरीच्या मागे उघड्यावर शेगडी मांडली, दोन छोट्या डब्या ठेवल्या. सीलबंद डबा तिच्यादेखत फोडून घोटभर तेल एकीत ओतलं, तिच्या बरणीतलं दुसरीत. दोघं वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. एकशे साठ अंशांना बरणीतल्या तेलात बुडबुडे सुटले. बेकझातचं तेल दोनशे साठ ओलांडून गेलं तरी शांत होतं.

"बघा," बेकझात म्हणाला. "ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. उघडं ठेवलं की मुरतं. मग ब्रेक तापला की ते पाणी उकळतं, वाफ होते, आणि पाय वाफेवर पडतो. माझा डबा बंद होता. मग या बरणीत आणखी काय होतं?"

"तुझंच होतं."

"फक्त माझं?"

तिने बरणीचं झाकण लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पुढच्या दोन चाकांच्या ब्रेकमध्ये सार्कित होतं. तुझं फक्त मागे."

बेकझातने भुवया वर केल्या आणि शेगडी बंद केली.

मेजवानीनंतर वडीलधाऱ्याच्या दस्तरखानावरचं उरलेलं पाहुण्याच्या हाती बांधून देतात, त्याला सार्कित म्हणतात. घरी नेऊन खायचं, सगळ्यांना वाटायचं. देणाऱ्याचं भाग्य आपल्याला लागतं. नाही म्हणायची सोय नाही. मार्चमधल्या नौरोजच्या जेवणात शर्यतवाल्यांतल्या वडीलधाऱ्या सागिंदिक आगाने चाळीस माणसांसमोर तिला काझीचे, म्हणजे घोड्याच्या मांसाच्या सॉसेजचे, चार तुकडे बांधून दिले आणि वर अर्धा डबा ब्रेक ऑइल दिलं. महागडं, शर्यतीचं, ज्यावर तो हिवाळ्यातली बर्फावरची शर्यत जिंकला होता. डब्याच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने घरी जाऊन ते देवाच्या प्रसादासारखं पुढच्या ब्रेकमध्ये ओतलं, आणि पेडल गेलं तेव्हा संशय घेतला बाजारातल्या दुकानदारावर. सार्कितावर कोण संशय घेतो?

"यातला कुठला देऊ?" बेकझातने फळीकडे बोट केलं.

"ज्याचा उकळायचा आकडा सगळ्यात मोठा तो."

"तो शर्यतवाल्यांचा. कोरडा असताना तीनशेच्या वर टिकतो, पण पाणी प्यायला की भरभर उतरतो. प्रत्येक शर्यतीला बदलावा लागतो. तुम्ही बदलणार? सोमवारी पोरीला घेऊन उतरणार ना? मग डब्यावरचा खालचा आकडा बघा, पाणी मुरल्यावरचा. हा मधला घ्या. स्वस्तही आहे."

दुकानदार स्वस्त माल गळ्यात मारतोय! तिचा संशय पुन्हा फणा काढून उठला. तिने पाच डब्यांवरचे खालचे आकडे एकेक करून वाचले. त्यात मधल्याचाच जास्त होता. तिने सील नखाने तपासलं, दोन डबे घेतले आणि त्याच संध्याकाळी चारही ब्रेकमध्ये भरले.

शुक्रवारी ती सागिंदिक आगाच्या गॅरेजात गेली. जावंच लागायचं. गाडी तपासून त्याने सही केल्याशिवाय रविवारी ट्रॅकवर चाक लागत नसे. त्याचा पुतण्या ओलझास तिच्याच गटात पळायचा आणि मेपर्यंत दोनदा तिच्या मागे राहिला होता.

आगाने पेडल दाबून पाहिलं, सही केली, आणि फळीवरून डबा काढला. अर्धा. तोंडात चिंधी.

"घे पोरी. सार्कित. माझ्या गाडीतलं उरलेलं."

उलबोसिनची नजर कचऱ्याच्या पिंपाकडे गेली. त्यात तेच, शर्यतीच्या तेलाचे तीन रिकामे डबे. सीलच्या पट्ट्या अजून कोऱ्या, चकचकीत.

"ते कुणाचे, आगा?"

"ओलझासच्या गाडीत काल भरले."

"त्याला सार्कित नाही दिलं?"

आगाचा चेहरा जराही हलला नाही. "वेडी आहेस का? तो घरचा. घरच्याला सार्कित देतात होय?"

बरोबर होतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीत तसूभर चूक नव्हती. पाहुण्याला उरलेलं, घरच्याला ताजं, आणि वर पाहुण्यानेच रहमेत म्हणून आभार मानायचे. त्याला पाणी मुरल्याचं माहीत होतं की नव्हतं, हे कुणी विचारूही शकलं नसतं. रीत नावाची अशी भिंत त्याने पाठीशी उभी केली होती. तीस वर्षं गाड्या पळवणाऱ्या माणसाला उघडा डबा काय असतो ते कळत नाही?

"रहमेत, आगा," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी डबा घेतला.

रविवारी ती बारा फेऱ्या पळाली. दर फेरीला सरळ पट्ट्याच्या टोकाशी ती ब्रेक दाबायची आणि दर फेरीला पेडल तिथंच, पायाखाली घट्ट. ओलझास तिसऱ्यांदा मागे राहिला.

ती गाडीतून उतरत होती तेव्हा आगा आला. सोबत पाच-सहा माणसं.

"पळालीस की! सार्कित वापरलंस ना?"

"थेंबन्‌थेंब, आगा."

तो खूश होऊन माणसांकडे वळणार, तेवढ्यात त्याला डावा मडगार्ड दिसला. लाल गाडीचा तेवढाच भाग उघडा पडला होता, नुसता पत्रा, उन्हात पांढरा.

"हे काय? रंग कुठे गेला?"

"टायरांवर घासला होता ना, मेमध्ये. जुना रंग काढायचा होता." तिने हातमोजे काढले. "तुमचं सार्कित रात्रभर लावून ठेवलं. सकाळी सगळा रंग फुगून निघाला. ब्रेक ऑइलला रंग फार आवडतो."

माणसं हसली. आगा हसला नाही.

"सार्कित खायचं असतं," तो सावकाश म्हणाला.

"सार्कितानेच रंग खाल्ला, आगा," उलबोसिन म्हणाली. तिने खिशातून तपासणीचा कागद काढला, त्याची सही वर येईल असा दुमडला आणि घरी गेल्यावर तोगझानच्या दप्तरात ठेवला. उद्या सोमवार होता, आणि पोर बसने जाणार नव्हती.