उजव्या हाताचे दहा

वॉल्टरने राजम्याचा डबा उचलून टोमॅटोच्या डब्यापुढे ठेवला. राजाभाऊंनी तो लगेच मागे सरकवला.

"पहिला आरन," राजाभाऊ म्हणाले.

"हॉर्न्सबी!" वॉल्टर म्हणाला. "एकोणीसशे चोवीस साली दहापैकी चारांहून जास्त वेळा फटका जमला त्याला. त्यानंतर एवढं कुणालाच नाही."

कुवेतच्या सालमिया भागातल्या त्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत बेसबॉलचे उजव्या हाताने खेळणारे दहा थोर फटकेबाज डब्यांच्या रूपाने ओळीत उभे राहिले होते. आता दोनच उरले होते, कारण तळाचा गडी रोज सुहासिनीच्या पातेल्यात जाई. बाहेर इराकी सैनिक घरोघर गोऱ्यांना शोधत होते. लपवणाऱ्याला फाशी, असं जाहीर झालं होतं.

वॉल्टर राजाभाऊंच्याच कारखान्यातला अमेरिकन इंजिनिअर. तो लपायला आला त्याच दिवशी सुहासिनीने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं होतं.

"अहो, पदरात सहा वर्षांची पोर आहे आपल्या. या साहेबांची दुसरीकडे सोय बघा."

वॉल्टरला मराठी येत नव्हतं, पण आवाजातला सूर कळला. तो म्हणाला, "एवढी क्रमवारी लावून होऊ दे, राजा. मग मी खाली जाऊन त्यांच्या स्वाधीन होतो."

तेव्हापासून राजाभाऊंना रोज नवी हरकत सुचू लागली. सुरुवातीला तर ते हसलेच होते. नाशिकच्या मैदानावर क्रिकेट खेळत वाढलेला माणूस! "दहापैकी सात वेळा फसणारा थोर? आमच्याकडे त्याला पाणी द्यायलाही कुणी ठेवणार नाही."

वॉल्टरने मुकाट्याने लाटणं त्यांच्या हाती दिलं आणि मोज्याचा चेंडू करून फेकू लागला. गोल लाटणं, गोल चेंडू आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं संपलेलं. राजाभाऊंचा एकही फटका लागला नाही. लेक जुईली टाळ्या पिटत होती आणि राजाभाऊ थक्क होऊन लाटण्याकडे बघत होते. हे दहातून चार वेळा जमवणारी माणसं या पृथ्वीवर होऊन गेली, याने त्यांचा ऊर भरून आला. त्यानंतर ते हरकती घेत राहिले, पण नावं मात्र देवाची घ्यावीत तशी घेऊ लागले.

आज सकाळी शेजारच्या इमारतीतून दोन गोऱ्यांना नेलं होतं. त्यांना आसरा देणाऱ्या माणसालाही.

वॉल्टरने स्वतःच टोमॅटोचा डबा पुढे सरकवला.

"आरन पहिला. तू जिंकलास, राजा. झालं."

राजाभाऊंना हरकत सुचेना. जिंकल्याचं एवढं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं. वॉल्टरने शर्टाची वरची गुंडी लावली आणि एका पायात बूट चढवला.

सुहासिनी दारात उभी होती. ती आत वळली. कपाट उघडल्याचा आवाज झाला. परतली तेव्हा तिच्या हातांत दुधाचे तीन डबे होते, जुईलीसाठी कपड्यांखाली जपून ठेवलेले. ते तिने जमिनीवर ओळीने मांडले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं,

"हे उजव्या हाताचे झाले. डावखुरे कोण कोण?"

"ताई," वॉल्टर म्हणाला, "ते फार लांबेल."

"लांबू दे," सुहासिनी म्हणाली.