डोक्यावरचं बटण

रेश्माने चहाचा कप खाली ठेवला आणि हवेतच अंगठ्याने एक बटण दाबून दाखवलं.

“टक्. संपलं. मागे पडद्याआड बसल्या बसल्या बेल बंद. सीटपर्यंत जायचं नाही, कोणी बोलावलं ते बघायचं नाही. परत वाजली, परत टक्. मग पॅसेंजर आपोआप गप्प बसतो.”

अभिमन्यू हसला आणि लगेच त्याने हसू आवरलं. समोर स्टुलावर धम्मप्रियाच्या वडिलांचा फोटो होता. सकाळच्या जलदानविधीतल्या मेणबत्त्या विझून ताटलीत पसरल्या होत्या.

बोला, असं धम्मप्रियाच म्हणाली होती. मैंदर्गीचे मामा-मावशी जेवून गेले आणि सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या त्या दोन खोल्या एकदम रिकाम्या झाल्या. मुंबईहून आलेल्या, विमानात तिच्याबरोबर काम करणाऱ्या या दोघा सहकाऱ्यांना काय बोलावं सुचेना. “अण्णांविषयी नको,” ती म्हणाली होती. “नोकरीवरचं बोला. कुणाच्या तरी कागाळ्या करा. दोन आठवडे मी फक्त ‘वाईट झालं’ ऐकतेय.”

मग दोघं सुटले होते. विमान सुटायच्या तासभर आधी आजारी पडणारी, आणि संध्याकाळी लग्नातले फोटो टाकणारी. प्रवाशांसाठीची सँडविचेस बॅगेत भरणारा. नवीन मुलींकडून स्वतःची बॅग उचलून घेणारी सीनियर. आणि शेवटी चैताली.

“तिला सांगून बघितलं मी,” रेश्मा म्हणाली. “तर म्हणते, सगळे बावळट चुकूनच दाबतात. तासाभराच्या फ्लाइटला कसली बेल? आता येईल ना, तिचा आज सोलापुरातच मुक्काम आहे. हॉटेलवर बॅग टाकून येते म्हणाली. तूच विचार.”

“आज नको विचारूस बाई,” अभिमन्यू म्हणाला. “रडून दाखवेल. ते मात्र छान जमतं तिला.”

स्वयंपाकघराच्या दारात धम्मप्रियाची आई, शालन, उभी होती. हातात शेंगाचटणीची वाटी तशीच.

“म्हंजे तो दिवा मानूस विझवतंय व्हय?” तिने विचारलं.

“कुठला दिवा, काकू?”

“डोक्यावरचा. बटन दाबल्यावर लागतो त्यो. आमाला वाटलं, आपोआप विझतोय.”

धम्मप्रिया कप गोळा करत होती. तिचा हात थांबला.

“आई, अण्णांनी बेल दाबली होती?”

“दोनदा. तूच शिकीवलं हुतंस की. हाक मारायची न्हाय, हात लावायचा न्हाय, वरचं बटन दाबायचं.”

“मग कोण आलं?”

“कुनी न्हाय. दिवा लागायचा आनि इझायचा. ते म्हनले, इझला म्हंजे ऐकलं त्येंनी, येत्याल आता. एसटीत घंटी मारली की ड्रायव्हर ऐकतोच की. तीस वर्सं घंटी मारली त्या मान्सानं, एक बार वाया गेली न्हाय म्हनायचे.”

“हे मला का नाही सांगितलंस?”

“त्यात काय सांगायचं?” शालनने वाटी रेश्मासमोर ठेवली. “घे बाय, भाकरीसंगं खा. आनि तीच हुती तितं, तुमची ती चैताली. तुज्या मोबाइलमदल्या फोटोत हाय की, गालाला खळी पडती ती. मी बी वळकलं तिला.”

गॅसवर दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती आत पळाली.

धम्मप्रियाने कप होते तिथेच ठेवले. आई-अण्णा ऑपरेशनसाठी विमानाने मुंबईला निघाले, त्या दिवशी ती दिल्लीच्या विमानात होती. मुंबईच्या हॉस्पिटलात ती पोचली तेव्हा अण्णांना ऑपरेशनला आत नेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टरांवर तिला राग काढता आला नव्हता, कारण डॉक्टर चांगले होते. स्वतःच्या ड्यूटीवर काढता आला नव्हता, कारण ती बदलून मिळत नव्हती आणि तसं अण्णांनीच तिला फोनवर समजावलं होतं. दोन आठवडे तो राग तिने नुसता बाळगला होता. आता तो ठेवायला जागा मिळाली.

तिने फोन उचलला.

“काय करतेस?” रेश्माने विचारलं.

“मेल. बेस मॅनेजरला.”

“धम्मा, अगं, आजच्या दिवशी...”

“तूच सांगत होतीस ना आत्ता? टक् करून दाखवत होतीस.”

रेश्माचा चेहरा पडला. “मी काय... ते आपलं बोलण्यातलं.”

“बोलण्यातलंच लिहिते.”

ती उभ्यानेच टाइप करत होती. अभिमन्यू उठून तिच्याशेजारी गेला, वाचलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, “नुसती बेल बंद केली म्हणून काही होत नाही. समज देतील आणि सोडून देतील. हार्टचा पेशंट होता, छातीत दुखत होतं म्हणून त्याने बोलावलं, असं लिही. मग चौकशी लागते. मग ती परत उडत नाही.”

“दुखत होतं का, ते मला माहीत नाही.”

“त्याशिवाय कशाला दाबेल माणूस दोनदा?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग लिहिलं, ‘छातीत दुखू लागल्याने.’ लिहिल्यावर तिला ते खरंच वाटलं. अण्णा खिडकीशी बसलेत, छातीवर हात आहे, आणि वरचा दिवा विझतो. तिचा अंगठा ‘पाठवा’वर गेला, तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली.

चैताली पांढरा कुर्ता घालून आली होती. दारात चप्पल काढताना तिने केस मागे बांधले, आत आली आणि धम्मप्रियाला मिठी मारायला गेली. धम्मप्रिया मागे सरकली.

“सतरा तारखेला सोलापूर-मुंबई तू केलीस?”

“सतरा... हो. बहुतेक. का?”

“माझे आई-वडील होते त्यात.”

“काय?” चैतालीने रेश्माकडे पाहिलं. रेश्मा चटणीच्या वाटीकडे बघत होती. “मला कुणी सांगितलंच नाही. स्टाफचे आई-वडील आहेत म्हणून मेसेज असता तर मी...”

“तर तू काय?”

चैतालीने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

“बोल ना. स्टाफचे असते तर उठली असतीस. बाकीच्यांनी दाबली तर टक्.”

“धम्मा, चार फ्लाइट होत्या त्या दिवशी. माझे पाय... आणि तुलाही माहितीये, लोक वाचायचा दिवा लावायला जातात आणि बेल दाबतात. दहातल्या आठ वेळा तसंच असतं. मला वाटलं...”

“तुला काही वाटलं नाही. वाटायला उठावं लागतं.”

चैतालीच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमन्यूने मान दुसरीकडे वळवली.

“रडू नकोस,” धम्मप्रिया म्हणाली. “माझ्या घरात नको. इथे रडायचा हक्क आईचा आहे आणि ती सकाळपासून भाकऱ्या थापतेय.”

चैतालीने मनगटाने डोळे पुसले. मग तिने विचारलं, आणि हे विचारताना तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

“काय हवं होतं काकांना?”

धम्मप्रियाने फोन घट्ट धरला. उत्तर तिथे लिहिलेलं होतं. फक्त वाचून दाखवायचं होतं.

“काय न्हाय,” आतून आवाज आला. शालन पदराला हात पुशीत बाहेर आली. “त्येंला काय नगं हुतं.”

“आई, त्यांच्या छातीत दुखत होतं.”

“तवा न्हाय. तवा लई खुशीत हुते. पयलांदा इमानात बसल्याले.” शालन चैतालीकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं ती सांगत होती. “तुला बगितलं त्येंनी चढताना. म्हनले, शालन, ही आपल्या धम्माची मैत्रीण. आपल्यातलीच हाय, धम्मा म्हनली हुती. तिला जयभीम घालू, सांगू धम्माचा बाप हाय म्हनून. तुज्याभवती लई गर्दी हुती, मग म्हनले, निवांत झाल्यावर बटन दाबू. कॉलर नीट केली. मला म्हनले, तू बी पदर घे नीट.”

“मग?”

“मग दिवा इझला. थांबले. परत दाबलं. परत इझला. तवा म्हनले, कामात असंल पोरगी, आपुन उगं तरास दिला. उतरताना चाकाच्या खुर्चीवाला आला, तर मान खाली घालून बसले तुज्याम्होरनं जाताना. धम्माला नगं सांगू म्हनले. तिला वाटंल, बापानं हसं केलं.”

शेजारच्या घरात टीव्हीवर कसली तरी जाहिरात लागली आणि बंद झाली. रेश्मा तोंडावर हात धरून बसली होती.

धम्मप्रिया फोनकडे बघत राहिली. मग तिने ‘छातीत दुखू लागल्याने’ हे शब्द एकेक अक्षर करत पुसले. रिकाम्या जागी तिने लिहिलं, ‘आपल्या मुलीच्या सहकारी म्हणून त्यांना नमस्कार करण्यासाठी.’

अभिमन्यूने तिच्या खांद्यावरून वाचलं.

“याने काही होणार नाही,” तो हळूच म्हणाला. “हसतील ऑफिसात.”

“माहितीये.”

तिने मेल पाठवला. पाठवल्याचा बारीक आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. चैतालीनेही तो ओळखला. वळून ती स्टुलासमोर गेली, फोटोतल्या माणसाकडे बघत उभी राहिली. कंडक्टरचा खाकी शर्ट, वरचं बटण लावलेलं. तिने ओढणी सारखी केली, हात जोडले आणि ओठ उघडले.

“जय...”

“आता नको,” धम्मप्रिया म्हणाली.