खांबेट्यांचा होकार

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या नंदकिशोर खांबेट्यांच्या जबड्यात नवा दात रोवला होता, पण तो धरून ठेवणं हाड अजून मनावर घेत नव्हतं. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या डॉ. कौशिकांनी मग एक यंत्र दिलं. ते रोज थोडा वेळ दातांत हलकेच धरायचं. ते मंद थरथरतं, त्यानं हाडाला चालना मिळावी. मिळेलच अशी खात्री देता येत नाही, असंही डॉक्टर म्हणाले. विम्यात आयुष्य काढलेल्या नंदकिशोरांना हे वाक्य फार आवडलं.

बायकोला, म्हणजे प्रतिमाबाईंना, यंत्राचा वेगळाच गुण सापडला. ते तोंडात असलं की नंदकिशोरांना बोलता येत नसे आणि आतून सारखा "हंऽऽ" असा आवाज येई.

पडदे बदलायचे का, त्यांनी विचारलं. हंऽऽ. पडदे बदलले. मग धाकट्या जावेला दिवाळीचं आमंत्रण गेलं. नंदकिशोर भुवया उंचावत, हात हलवत. पण भुवयांचा विरोध प्रतिमाबाई धरत नसत.

शनिवारी यंत्र सुरू झालं तशा त्या समोर येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी फ्लॅट बघायला गिऱ्हाईक यायचं होतं. आता जयपूर सोडून सांगलीला परतायचं, हे नंदकिशोरांनी ठरवलं होतं आणि ठरवल्याचं बायकोला कळवलंही होतं. प्रतिमाबाई जवळच्या बगरू गावी कापडावर ठसे मारायला शिकायला जात. आत्ताही त्यांची बोटं निळी होती.

"मला नाही जायचं सांगलीला," त्या म्हणाल्या. "आता कुठे माझा ठसा सरळ पडतोय. छपाईवाले भैया म्हणाले, भाभीजी, अब हाथ बैठ गया. दर गावात जरा बस्तान बसलं की तुमची बदली यायची. आता तर बदली काढणारेही तुम्हीच."

"हंऽऽ," यंत्र म्हणालं.

"हा होकार मी धरणार नाही."

नंदकिशोरांनी यंत्र बाहेर काढलं. "अगं, मग हे आधी नाही का बोलायचं?"

"कधी? तुमचं तोंड मोकळं असताना?"

यावर त्यांना उत्तर सुचलं होतं, चांगलं लांबलचक. ते त्यांनी गिळलं. फोन उचलून गिऱ्हाइकाला अस्सल सांगलीच्या हिंदीत कळवलं, "आप मत आओ, हमको घर बेचनेका नहीं." मग यंत्र पुन्हा सुरू केलं आणि तोंडात धरण्याआधी बायकोला म्हणाले, "आणखी काही राहिलंय?"

प्रतिमाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. बरंच राहिलं होतं.