अनंताची कुंडी

बाळाप्पांचा जन्म कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला. माग बिघडला की त्यांना हाक यायची, ते दुरुस्त करायचे आणि खडखडाट पुन्हा सुरू व्हायचा. बायको गेल्यावर सोमेशनं, त्यांच्या मुलानं, त्यांना कोल्हापूरला आपल्या फ्लॅटवर आणलं. पुढं त्यालाच बेंगळुरूला नोकरी लागली. "चला" म्हणाला होता तो, पण बाळाप्पांनी मान हलवली. इथं निदान समोरच्या दारात निशिगंधा होती. शाळेत शिकवून परत आली की "अप्पा, चहा टाकलाय" म्हणून दार वाजवायची.

२००४च्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली. खाली ट्रकात सामान चढत होतं, तेव्हा ती अनंताची कुंडी घेऊन आली. झाड कळ्यांनी भरलेलं.

"एवढ्या प्रवासात हे टिकायचं नाही, अप्पा. तुम्ही सांभाळाल?"

"ठेव की. मला तरी दुसरं काय काम हाय?"

पहिल्या दिवशी कुंडी गॅलरीत राहिली. पण जेवायला बसल्यावर समोर नुसती भिंत, म्हणून बाळाप्पांनी ती स्वयंपाकघरात आणली. दुपारी टीव्हीशेजारी नेली, संध्याकाळी पलंगाजवळ. मग रोजचंच झालं. ते झाडाशी बोलूही लागले. "आज आमटीत मीठ जास्त पडलं गा," असं काहीबाही.

आठवडाभरात कळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. आधी एखाद-दुसरी, मग सकाळी उठून बघावं तर कुंडीभोवती सडाच. त्यांनी पाणी कमी केलं, जास्त केलं, तांदळाचं धुवण घातलं. गळती थांबेना. शेवटी त्यांनी नाशिकला फोन लावला.

"कुंडी कुठं ठेवलीय, अप्पा?" निशिगंधानं विचारलं.

"गॅलरीत. म्हणजे सकाळचं. जेवताना आत आणतो. दुपारी टीव्हीपाशी."

"सारखी का हलवता?"

"मी बसतो तिथं नेतो," ते म्हणाले. "तेवढंच आपलं."

ती हळू आवाजात म्हणाली, "त्याला जागा बदललेली सोसत नाही हो. एका ठिकाणी ऊन-वारा मिळाला की राहील बघा. गॅलरीतच असू दे." मागून कुणीतरी तिला हाक मारली. "सुट्टीत येते मी," म्हणत तिनं फोन ठेवला.

बाळाप्पांनी गॅलरीत सकाळचं ऊन येतं त्या कोपऱ्यात वीट मांडून कुंडी ठेवली. रात्री ताट वाढून घेतलं, तर समोर पुन्हा नुसती भिंत. उठून कुंडीला हात घातला, अर्धी उचललीसुद्धा, आणि परत विटेवर टेकवली. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. ऊन तापलं की मात्र आत यावंच लागे. मग दुपारभर ते आत आणि झाड बाहेर.

हळूहळू गळती थांबली. वरच्या डहाळीवर दोन कळ्या तेवढ्या उरल्या होत्या. एका सकाळी त्यातली एक उमललेली दिसली. खोलीभर वास. बाळाप्पांनी नाशिकला फोन लावला. नुसताच वाजत राहिला. मग बेंगळुरूला लावला.

"अप्पा, मीटिंगमध्ये आहे. काही अर्जंट?"

"न्हाय. करतो मागनं."

दुधाच्या निमित्तानं ते खाली जोतीरामच्या दुकानात गेले. "आमचा अनंत फुललाय," त्यांनी सांगितलं.

"असं व्हय?" जोतीराम साखर मापत म्हणाला.

"वास भारी हाय. या की बघायला."

"येतो की."

त्या दिवशी बाळाप्पांनी दार उघडंच ठेवलं. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फूल पिवळं पडून सुकलं. तिसऱ्या सकाळी उरलेली कळी उमलली. बाळाप्पा तिच्यासमोर बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी फूल देठासकट खुडलं आणि ओंजळीत धरून जिना उतरले.

जोतीरामनं फूल हातात घेतलं, वास घेतला, आणि गल्ल्यामागच्या देवाच्या फोटोला वाहिलं.

"आमच्या आईनं लावलावता घरामागच्या परड्यात," तो म्हणाला. "लई वर्षांनी वास आला बघा. बसा की अप्पा, गिऱ्हाईक न्हाय आत्ता."

बाळाप्पा तांदळाच्या पोत्यावर टेकले. "किती मोठं होतं झाड?" त्यांनी विचारलं.