आश्रुबाच्या अंगावरची इंग्रजी

मनुष्य उघडा जन्माला येतो आणि वस्त्र त्याला सभ्य बनवते. अब्रू, लाज, प्रतिष्ठा, संस्कृती यांचा सगळा डोलारा, मित्रांनो, आमच्या धाग्यांवर उभा आहे. हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण मी एक जुना टी-शर्ट आहे आणि माझ्या छातीवर शिवी आहे.

नेमकी कोणती, हे विचारू नका. छाती माझी असली तरी ती मला दिसत नाही. मोठ्या पांढऱ्या अक्षरांत तीन इंग्रजी शब्द आहेत, एवढे लोकांच्या बोलण्यावरून कळले आहे. पहिला शब्द आखूड आहे आणि सगळा घोटाळा त्यातच आहे म्हणतात.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. ज्या बाईने मला शिवले तिला इंग्रजी येत नव्हते. ज्याने छाप मारला तो गाणे गुणगुणत होता. छाप मारताना अंग जरा भाजले, पण आम्ही सगळे भाऊ रांगेने वाळत पडलो तेव्हा आपण काहीतरी भारी झालो आहोत असे वाटले. कुणाच्याही मनात कुणाला शिवी द्यायचे नव्हते. मनात नसताना शिवी तयार कशी होते, हा माझा पहिला गोंधळ. पुढे त्यात भर पडत गेली.

शहरात एका कॉलेजकुमाराने मला विकत घेतले. त्याचे मित्र मला पाहून हसत आणि त्याच्या पाठीवर थाप मारत. बसथांब्यावरच्या बाया मला पाहून आपल्या मुलांचे तोंड दुसरीकडे फिरवत. मी विनोदी आहे की भयंकर, हे काही ठरेना. शेवटी कुमाराचे लग्न जमायला लागले आणि पाहुणे यायच्या आत त्याच्या आईने मला दुष्काळग्रस्तांच्या गाठोड्यात टाकले. आपल्या लेकाच्या अंगावर जे शोभत नाही ते दुष्काळग्रस्ताच्या अंगावर शोभेल, असा तिचा विचार असावा. किंवा विचार नसावाच.

असा मी बीड जिल्ह्यात आलो, धर्मापुरीच्या पलीकडच्या एका गावात. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी वाट चुकला होता. गावातल्या सहकारी दूध संस्थेने माळावर जनावरांची छावणी उघडली होती. जनावरांना चारा आणि माणसांना कपडे, असा त्या दिवशी कार्यक्रम होता. टेम्पोतून गाठोडी सुटली. साखराबाईने मला उचलले, दोन्हीकडून ताणले, उन्हाकडे धरून पाहिले.

"कापड लई दणकट हाय," ती नवऱ्याला म्हणाली, "आन काळं हाय. चार रोज धुतलं न्हाई तरी कुनाला कळायचं न्हाई."

टँकर येईल तेव्हा पाणी, अशा गावात कपड्याची यापेक्षा मोठी स्तुती होत नसते. मी फुगलो.

तिचा नवरा आश्रुबा. जन्मभर शेळ्या-मेंढ्या राखलेला माणूस. पंचक्रोशीत त्याची ख्याती अशी की तो शिवी देत नाही. मेंढरू परक्याच्या ज्वारीत शिरले तरी तो फक्त "आगं बाई, आसं करू न्हाई," म्हणायचा. घराच्या वाट्याच्या शिव्या साखराबाई द्यायची आणि त्या दोघांना पुरून शेजाऱ्यांनाही उरायच्या.

दुष्काळात कळप विकावा लागला. आश्रुबा काही दिवस रिकामी काठी घेऊन माळावर जाऊन बसे. मग त्याला शाळेतल्या हंगामी वसतिगृहावर नेमले. मित्रांनो, या भागातली पुष्कळ माणसे दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, पार कर्नाटकापर्यंत. त्यांची लेकरे फडात न जाता मागे शाळेत राहावीत म्हणून हे वसतिगृह. साखराबाई भाकऱ्या थापायची. आश्रुबा लेकरे सांभाळायचा आणि रात्री दारात आडवा झोपायचा. त्याची स्वतःची नात चतुराही त्या घोळक्यात होती. सगळी लेकरे त्याला आबा म्हणत. कळपाला घालायची तीच शीळ तो लेकरांना घाली आणि लेकरे मेंढरांपेक्षा लवकर गोळा होत. एक कळप गेला, दुसरा मिळाला. खाली धोतर, वर पटका आणि मधे मी, असा तो शाळेच्या ओट्यावर बसला की राजासारखा दिसायचा.

पहिल्याच दिवशी शहादेव गुरुजींनी मला पाहिले आणि त्यांचे कान लाल झाले. गुरुजी तरुण होते, भिडस्त होते.

"आबा, वरून उपरणं घ्या. थंडी हाय."

"गुरुजी, दुपारचं बारा वाजलंत."

"तरीबी. छातीला जपावं माणसानं."

पुढे ते रोज आश्रुबाला थंडीची भीती घालत. आश्रुबाला वाटे, केवढे प्रेमळ गुरुजी! मला वाटे, गुरुजींना माझा काळा रंग आवडत नाही. दोघांचेही चुकत होते.

सांजच्याला कंदिलापाशी लेकरे पाट्या घेऊन बसत. इंग्रजीची पुस्तके अजून आलेली नव्हती. पण आबांच्या छातीवर इंग्रजी होती, मोठी, ठळक, लांबून दिसणारी. मग काय विचारता!

"आबा, हलू नका ना. वाकडं आलं."

"आबा, श्वास धरा. के काढायचाय."

आश्रुबा श्वास धरून बसे. गुडघ्यावर माशी बसली तरी हात हलवत नसे. आपल्या अंगावर एवढी विद्या आहे आणि आपल्याला तिचे एक अक्षर कळत नाही, याचे त्याला मोठे नवल वाटे. चतुराचे अक्षर सगळ्यांत सुंदर निघाले. मित्रांनो, कपड्याच्या आयुष्यात असा मान थोड्यांना मिळतो. मी त्या दिवसांत फार सुखी होतो.

मग अंबाजोगाईहून लेकरांना तपासायला डॉक्टरीणबाई येणार असे कळले. फळा सजवायचा ठरला. गुरुजी नेमके त्या सकाळी तालुक्याला मीटिंगला गेले होते. लेकरांनी फुलांची वेलबुट्टी काढली आणि वर "सुस्वागतम" लिहिले. मग चतुरा म्हणाली की बाई शिकलेल्या आहेत, त्यांच्यासाठी इंग्रजीतही काहीतरी पाहिजे. आणि गावात तोंडपाठ असलेली इंग्रजी एकच होती.

बाई आल्या. लेकरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी हसत फळ्याकडे पाहिले आणि हसू तिथेच राहिले. सोबतच्या कंपाउंडरला अचानक खोकला लागला.

"हे कुणी शिकवलं?" बाईंनी विचारले.

सगळ्या लेकरांनी एकदम, अभिमानाने, बोट दाखवले. "आबांनी!"

आश्रुबा लाजला. त्याने हात जोडले. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत वाचले, मग स्वतःच डस्टर घेऊन फळा पुसला आणि आश्रुबाला व्हरांड्याच्या टोकाला नेले.

"आजोबा, ही शिवी आहे. घाण शिवी."

"कुनाला?"

"म्हणजे... समोर जो असेल त्याला."

आश्रुबाने मान खाली घालून माझ्याकडे पाहिले. त्याच्या छातीची धडधड मला लागत होती.

"मंजी मी जेच्या जेच्या म्होरं हुबा ऱ्हायलो, तेला तेला..."

"तुम्हाला माहीत नव्हतं ना, आजोबा."

"मी धर्मापुरीच्या देवळात गेलतो, बाई. पार गाभाऱ्यापाशी हात जोडून हुबा हुतो."

भाकरीचे पीठ हाताला तसेच असलेली साखराबाई मागून म्हणाली, "द्येवाला इंग्रजी येत न्हाई. गप ऱ्हावा."

पण आश्रुबाला ते पटले नाही. त्याने गुरुजींनी सांगितलेले ते उपरणे शोधून आणले आणि माझ्यावरून गच्च गुंडाळले. उपरण्याच्या विणीतून दिसेल तेवढेच मला दिसू लागले. मी तोच होतो, शब्द तेच होते, काल त्यावरून लेकरे अक्षर गिरवत होती. आज मी घाण झालो होतो. आणि कुणी धुतले तरी निघणार नव्हतो.

बातमी गावात पोचायला फार वेळ लागला नाही. संध्याकाळी दूध संस्थेच्या अंगणात बैठक बसली. दूध आटल्यापासून संस्थेत बैठकांचे उत्पादन वाढले होते. चेअरमन सुंदरराव हे वसतिगृहाच्या समितीचेही अध्यक्ष होते. समोर माणसे, बाजूला बाया आणि लेकरांना कोणाच्या भरवशावर सोडायचे म्हणून लेकरेही तिथेच.

"प्रश्न शर्टाचा न्हाई, संस्काराचा हाय," सुंदरराव म्हणाले. "लेकरं मातीचा गोळा असत्यात. ज्या माणसाच्या अंगावर शिवी हाय, तेच्या हवाली लेकरं कशी करायची? आश्रुबाला इश्रांती देऊ. आमचे मेव्हणे धोंडीराम हायतच. निर्व्यसनी, स्वच्छ."

धोंडीराम पहिल्या रांगेत होते. पांढरा सदरा, इस्त्रीची घडी अशी की बोट कापावे. त्यांच्या छातीवर एक अक्षर नव्हते. मला हेवा वाटला.

"कावून काढता?" साखराबाई उठली. "ह्या गावात कोंबडं आरवायच्या आदी शिवी ऐकू येती. म्या सोता रोज लेकरायला मुडद्यांनो म्हनूनच जेवू घालते. मला कुनी काढलं का?"

"तुझं मायेचं हाय, साखराबाई."

"मंग इंग्रजीत माया नसती व्हय?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी चाचरत उभे राहिले.

"बोललेलं लेकरं इसरत्यात. लिवलेलं गिरवत्यात," ते म्हणाले. "शर्ट लेकरांम्होरं नकोच. पण चूक आबांची न्हाई. माझी हाय. मला पहिल्या दिशीच कळलं हुतं, आन मी थंडीचं कारन सांगत बसलो."

"मंग त्यात लिवलंय तरी काय, ते सांगा की!" मागून कुणीतरी म्हणाले.

"लेकरं हायत," गुरुजी म्हणाले.

"लेकरायलाच तर पाठ हाय, बे! आमालाच तेवढं म्हाईत न्हाई."

गोंगाट झाला. एक म्हणे शिवी वाचता आली नाही तर ती शिवीच नव्हे. दुसरा म्हणे विष माहीत नसले तरी चढतेच. मी दोघांचेही ऐकत होतो आणि मला दोघांचेही पटत होते.

तेवढ्यात आश्रुबा उठला. त्याने उपरणे सोडले आणि मला डोक्यावरून काढले. हिवाळ्याची सांज होती, त्याच्या अंगावर काटा आला. हाडे मोजता यावीत अशी छाती. त्याने माझी उलटी घडी घातली आणि मला जमिनीवर ठेवले.

"लेकरायम्होरं हे नको, गुरुजी बराबर बोलले," तो म्हणाला. "ह्यो काढला. आता बगा चेअरमन, माझ्या अंगावर काय वंगाळ ऱ्हायलंय का? आसलं तर मी जातो. नसलं तर मला माज्या लेकरायपाशी ऱ्हाऊ द्या. कळप एकदा गेलाय माजा."

सुंदरराव खाकरले. आणि त्याच क्षणी, मागे ढकलाढकली करणारे एक पोर धोंडीरामांच्या अंगावर पडले. पांढऱ्या सदऱ्यावर धुळीचा पंजा उमटला.

धोंडीराम ओरडले. काय ओरडले ते मी सांगणार नाही, माझ्यावर आधीच एक आहे. त्यात त्या पोराची आई होती, एवढेच सांगतो, आणि ती बिचारी तेव्हा कर्नाटकात ऊस तोडत होती. मेव्हण्याला गप्प करायला सुंदरराव ओरडले. "लेकरायम्होरं शिव्या देतो का बे," असा त्यांचा मुद्दा होता, पण त्या मुद्द्याच्या पुढे आणि मागे त्यांनी जे जोडले त्याने संस्थेचा कुत्रादेखील उठून गेला.

मग सगळ्यांत लहान पोराने चेअरमनांचे अख्खे वाक्य, एक शब्द न चुकता, मोठ्याने म्हणून दाखवले. पाटीवर न गिरवताच पाठ झाले होते.

कुणाला हसावे कळेना, कुणाला रागवावे कळेना. साखराबाई तेवढी सावध होती.

"चेअरमन," ती म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्यानं शर्ट काढला. तुमी तोंड कुठं काढून ठेवता, ते दावा."

सुंदररावांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि "विषय संपला" असे जाहीर केले. कोणत्या बाजूने संपला ते त्यांनी सांगितले नाही. पण आश्रुबाने शीळ घातली, लेकरे गोळा होऊन त्याच्या मागे शाळेकडे चालू लागली आणि त्यांना कुणी अडवले नाही. धोंडीराम सदरा झटकत राहिले.

वाटेत गुरुजींनी आपला स्वेटर काढून आश्रुबाला दिला. आश्रुबाने तो लगेच घातला नाही. आधी उलटापालटा केला, बाहेरून आतून बोटे फिरवली.

"ह्याच्यावर काय लिवलंय?"

"काही न्हाई, आबा."

"नीट बगा, गुरुजी. माझं जाऊ द्या, लेकरं गिरवत्यात."

गुरुजींनी पुन्हा सगळा पाहिला. मग गळ्यापाशी धुण्याच्या सूचनेची बारकी चिठ्ठी सापडली. ती इंग्रजीत होती. आश्रुबाने ती दातांनी तोडूनच स्वेटर घातला.

आणि मी? माझ्यासारखे दणकट कापड साखराबाई टाकून देणारी नव्हे. तिने मला उसवले आणि छापाची बाजू खाली करून पाण्याच्या पिंपाच्या तोंडावर बांधले. टँकरच्या पाण्यातला गाळ आणि अळ्या मी अडवतो. लेकरे ते पाणी पितात. परवा सुंदररावही पिऊन गेले आणि पाणी गोड आहे म्हणाले.

माझा गोंधळ मात्र कायम आहे. लेकरांसमोर मला घालणे बरे नव्हे, हे मला मान्य आहे. आश्रुबाला मान्य होते, तिथे मी कोण? पण ज्यांच्या छातीवर काहीच छापलेले नाही त्यांना समोर ठेवून लेकरे निर्धास्त कशी वाढतील, हे मला अजून कळलेले नाही. म्हणून मित्रांनो, अंगात घालण्याआधी कपडा वाचा. वाचता येत नसेल तर विचारा. आणि ज्याला वाचता येते त्याने उगाच हवामानावर बोलू नये. समाज, संस्कार आणि सभ्यता यांचा विचार तुम्ही मोठे झाल्यावर कराच.

तूर्त, कधी वसतिगृहावर आलात तर एवढेच करा: पाणी भरून झाले की मला पिळून दोरीवर टाका. ओला राहिलो की वास येतो.