'असणार' म्हणजे 'होता' नव्हे

घरात आजारी माणूस असलं की बाईला रजा नसते, आणि न्यायालयाचं बोलावणं आलं की ते टाळता येत नाही. शिलाई कारखान्यात शर्टांना कॉलर बसवणाऱ्या एका बाईची अशीच दोन्हीकडून ओढाताण चालली होती. एका खटल्यात निकाल द्यायला इतर काही सामान्य नागरिकांबरोबर तिला पंच म्हणून, म्हणजे ज्युरीत, बोलावलं होतं. घरी सासूबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या, नवरा कामानिमित्त परगावी. नाइलाजाने नणंदेला बोलावून घेतलं, तर तिने उंबऱ्यातच सांगितलं, "वहिनी, मलाही माझं घर आहे, हे लक्षात असू दे."

खटला एका लाँड्रीला लागलेल्या आगीचा होता. कपडे वाचवायला आत शिरलेल्या म्हाताऱ्या मालकाचे दोन्ही हात भाजले होते. इस्त्री करणाऱ्या तरुणाला त्याने त्याच सकाळी चारचौघांत कामावरून काढलं होतं. "बघून घेईन," असं तो जाताना म्हणाला, हे त्यानेही नाकारलं नाही. आग त्यानेच लावली, असा आरोप होता. सरकारने दिलेला त्याचा वकील नवखा होता. प्रश्न विचारताना तोच जास्त घाबरलेला दिसे.

साक्षी संपल्या आणि पंचांना आतल्या खोलीत बसवलं. खिडकी उघडत नव्हती, पंखा नुसताच घरघरत होता. पुढारपण एका फर्निचरच्या दुकानदाराकडे आलं होतं. निकाल एकमताने हवा, हे त्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "यात बोलण्यासारखं काही नाही. मत घेऊ आणि सुटू."

'दोषी' म्हणून सगळ्यांत आधी हात वर केला तो या बाईने. तिच्या मनात गुन्हेगार, निरपराध असं काही नव्हतंच. सासूबाईंची चादर बदलली असेल का, दुपारची गोळी दिली असेल का, नणंदेचा पारा कुठवर चढला असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. तिच्यामागोमाग भराभर हात वर गेले. एक मात्र खाली राहिला.

तो हात एका निवृत्त गृहस्थांचा होता. उमेदीच्या काळात ते खेळाच्या मैदानावर पंच होते. "जन्मभर पंच होतो, आता म्हातारपणीही सुटका नाही," असं पहिल्याच दिवशी म्हणाल्यामुळे सगळे त्यांना पंचकाका म्हणू लागले होते. पण आता त्यांच्या विनोदाला हसायला कोणी तयार नव्हतं. दुकानदाराने कपाळावर हात मारला. दातांची डॉक्टर असलेली बाई हळूच म्हणाली की तिचे पेशंट ताटकळलेत. तो मुलगा निर्दोष आहे असं तुम्हाला वाटतं का, असं कोणीतरी जरा तिरकसच विचारलं.

"मला माहीत नाही," पंचकाका म्हणाले. ते स्वतःही दमलेले होते. चष्मा काढून डोळे चोळत ते बोलत होते. "त्याने केलंही असेल. पण तो आत गेला तर त्याच्या तरुणपणाची वर्षं जातील. तेव्हा प्रत्येकाने एवढंच सांगा, तुमची खात्री कशावरून झाली? शेजाऱ्याची नको, तुमची."

दुकानदाराने धमकीचं सांगितलं. डॉक्टरीणबाईने आरोपीच्या रागीट स्वभावाचं सांगितलं. मग पाळी या बाईची आली.

"शेजारच्या फुलवालीने त्याला गल्लीतून पळताना पाहिलं ना," ती म्हणाली.

"असं फुलवाली म्हणाली?" पंचकाकांनी विचारलं.

"हो."

"तुम्ही ऐकलंत?"

बाई 'हो' म्हणायला गेली आणि अडखळली. फुलवाली साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती वेळ तिने आठवून पाहिली. तिची निळी ओढणी आठवली. ती सारखी घसा खाकरत होती, तेही आठवलं. पण ती काय बोलली? तेव्हा आपण सासूबाईंना पाठीला जखम होऊ नये म्हणून कुशीवर कोण वळवेल, याचा घोर करत बसलो होतो. फुलवालीने त्याला पाहिलं, हे आपल्याला जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरीणबाईने सांगितलं!

खोटं बोलून निभावलं असतं. सगळे तिच्या बाजूनेच होते. अर्ध्या तासात ती घराच्या वाटेला लागली असती. पण त्या म्हाताऱ्याने आवाज न चढवता विचारलं होतं, आणि तसल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं फार जड जातं.

"नाही," ती म्हणाली. "मी तिथे बसले होते, पण मी ऐकलं नाही. माझं चित्त घरी होतं."

डॉक्टरीणबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. थोड्या वेळाने तिनेही सांगितलं की तिला ते दुकानदाराकडून कळलं होतं. दुकानदार म्हणाला, "अहो, सगळेच तसं म्हणत होते!" आणि बोलता बोलता स्वतःच थांबला.

ती साक्ष पुन्हा वाचून दाखवावी, अशी विनंती त्यांनी न्यायाधीशांना केली. सगळे परत कोर्टात जाऊन बसले. कारकुनाने सपाट आवाजात वाचलं. फुलवाली म्हणाली होती, "मी कुंड्या आत घेत होते. गल्लीतून कोणीतरी पळालं. मला पाठच दिसली. तोच असणार. त्याच्याशिवाय असं कोण करेल?"

यावर सरकारी वकिलाचा पुढचा प्रश्न होता, "बरं, मग आरोपी पळाल्यावर तुम्ही काय केलंत?"

एका प्रश्नात 'असणार'चं 'होता' झालं होतं! आरोपीच्या वकिलाने हरकत घेतली नव्हती, आणि ज्यांनी ऐकायचं ते सगळे मनाने आपापल्या घरी होते.

बाईने तेव्हा प्रथमच त्या तरुणाकडे नीट पाहिलं. त्याचे डोळे तारवटले होते. तो पंचांकडे पाहतही नव्हता. आपलं कोणी काही ऐकेल ही आशाच त्याने सोडली असावी.

पुन्हा आतल्या खोलीत आल्यावर भांडण झालं नाही. भांडायचं त्राण कोणात नव्हतं. एकेक साक्ष त्यांनी पुन्हा चाळली. धमकी खरी होती, राग खरा होता, पण त्याला तिथे पाहिलं असं म्हणणारं कोणीही सापडलं नाही. दुकानदार शेवटपर्यंत अडून बसला. तो म्हणाला, "आणि त्यानेच केलं असेल तर? त्या म्हाताऱ्याच्या हातांचं काय?"

"तर मग आपल्या हातून तो सुटेल," पंचकाका म्हणाले. "त्याचं दुःख मलाही होईल. मैदानावर सगळे एकदम ओरडले की पंचालाही वाटतं, बाद असणार. पण त्याने ओरड्यावर बोट वर करायचं नसतं. त्याने स्वतःला विचारायचं, मी पाहिलं का? पाहिलं नसेल तर बोट खाली. मग लोक शिव्या देतात. त्या खायच्या."

दुकानदाराने निकालाचा कागद पुढे सरकवला. मग मान हलवून म्हणाला, "लिहा. गुन्हा शाबीत नाही."

निकाल ऐकून त्या तरुणाने 'काय म्हणाले?' असं वकिलाला पुन्हा विचारलं. बँडेज बांधलेले हात मांडीवर ठेवून लाँड्रीचा मालक पंचांकडे पाहत होता. त्या बाईला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही. आपण बरोबर केलं हे तिला कळत होतं, तरी छातीवरचं ओझं हललं नव्हतं. न्याय करून माणूस हलका होतोच असं नाही.

घरी पोचायला उशीर झाला. नणंदेने जायची पिशवी भरूनच ठेवली होती. रस्त्याला लागता लागता तिने वहिनीला खूप सुनावलं. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग सासूबाईंना कुशीवर वळवलं, पाठ पुसली आणि तिथेच पलंगाच्या कडेला टेकली. काय झालं ग, असं सासूबाईंनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "दमलीस तू. पण दमून कोणाचं वाटोळं केलं नाहीस, हे बरं केलंस."

वाचकहो, आपण सगळेच दमलेले असतो. घर, नोकरी, आजारपणं कोणाला चुकली आहेत? म्हणून तर आपण दुसऱ्याच्या कानांनी ऐकतो, चौघांनी हात वर केले की आपलाही वर करतो. कचेरीत, शाळेत, गल्लीत आपण रोज कोणाचा तरी निकाल लावत असतो, आणि त्यासाठी आपल्याला पंच म्हणून कोणी बोलावलेलंही नसतं. दमणं हा गुन्हा नाही. पण आपल्या दमण्याची शिक्षा दुसऱ्याने भोगावी, हा अन्याय आहे. पुढच्या वेळी कोणाविषयी तोंड उघडण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: हे मी पाहिलं, की नुसतं धरून चाललो? उत्तर येत नसेल, तर 'मला माहीत नाही' असं म्हणा. तेवढ्यानेही एखादा माणूस वाचतो.